'उत्तर आधी बघून सोडवलेलं गणित': 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

क्लायमेट मॉडेलं, म्हणजे पृथ्वीच्या हवामानाचं संगणकावर मांडलेलं गणित, कशी घडवतात आणि कशी तपासतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: मॉडेलवाले गेल्या शतकाचं तापमान समोर ठेवून आकडे फिरवतात आणि तेच जुळलं की पाठ थोपटून घेतात, म्हणजे हे 'उत्तर आधी बघून सोडवलेलं गणित'. चार दिवसांनंतरचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही ते 2100 सालचं काय सांगणार? माझ्या तापमानाच्या आलेखात तुलना कोणत्या काळाच्या सरासरीशी आहे, त्याचा पत्ता नाही. आणि शेवटी, 'मॅडम, भाटगिरी करण्याआधी थोडं भौतिकशास्त्र शिका.'

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू. कडक प्रश्नांचं मला वावडं नाही. त्याच लेखाखाली दोघांनी मुद्द्याला धरून मला चांगलंच धारेवर धरलं आणि त्यांना मी उत्तरंही दिली. पण 'शिका' कुणाला म्हणताय? मी भौतिकशास्त्रच शिकले, आणि उमेदीची वर्षं अशाच एका मॉडेलच्या ढगांच्या भागावर काम करण्यात घातली. संध्याकाळी मॉडेलचा रन लावायचा, सकाळी येऊन बघायचं, बिघडलं असेल तर फोरट्रान या संगणकभाषेतल्या कोडमध्ये पुन्हा डोकं घालायचं, हे माझं रोजचं काम होतं. मिरवायला सांगत नाही. विषय तुम्ही काढलात. आणि भाटगिरीचं म्हणाल, तर पॅसिफिकवर विषुववृत्ताच्या दक्षिणेला प्रत्यक्षात नसलेला पावसाचा दुसरा पट्टा ही मॉडेलं कित्येक वर्षं दाखवत आली आहेत आणि ही खोड अजून पुरती गेलेली नाही, हे त्याच लेखात लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही वाचलंत असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

आलेखाबाबत तुमचं बरोबर आहे. तुलना 1961 ते 1990 च्या सरासरीशी आहे, तशी ओळ आता खाली टाकली आहे. निष्कर्षाला त्याने काही फरक पडत नाही.

आता 'उत्तर आधी बघून'. ट्यूनिंग, म्हणजे मॉडेलातले आकडे फिरवून बसवणं, होतं, ते कुणी नाकारत नाही. पण ते नेमकं कशाचं होतं हे न बघता लबाडीचा शिक्का मारणं मला सहन होत नाही. या मॉडेलांत वातावरणाचे साधारण शंभर किलोमीटर बाजूचे चौकोन पाडलेले असतात. ढग त्याहून कितीतरी लहान. म्हणून ढगातल्या थेंबांचा पाऊस किती झपाट्याने होतो, वर चढणाऱ्या हवेत आजूबाजूची कोरडी हवा किती मिसळते, हे सूत्रांनी बसवावं लागतं. त्या सूत्रांतल्या काही आकड्यांचा फक्त पल्ला मोजमापांतून कळतो, नेमकी किंमत नाही. मग समुद्राचं तापमान बांधून मॉडेल काही वर्षं चालवायचं आणि वातावरणाच्या माथ्यावरचा ऊर्जेचा हिशेब बघायचा. सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी 340 वॉट येतात. परावर्तित ऊन आणि बाहेर पडणारी उष्णता वजा केली की प्रत्यक्षात 1 वॉटच्या आसपास शिल्लक राहते. मॉडेलात 4 वॉट शिल्लक दिसले, तर थेंबांचा पाऊस जरा सावकाश होऊ द्यायचा. ढग जास्त टिकतात, जास्त ऊन परतवतात, हिशेब जागेवर येतो. तोवर दुसरीकडे कुठेतरी पावसाचं वाटप हललेलं असतं, की पुन्हा तिथून सुरुवात. या सगळ्यात विसाव्या शतकाची तापमानवाढ कुठे आली?

तुमचा आक्षेप जिथे खरोखर लागू पडतो, ते उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, मी देते. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेने आपल्या मॉडेलची संवेदनशीलता, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अखेर होणारी वाढ, 3 अंशांच्या आसपास आणली, विसाव्या शतकाचं तापमान जुळावं म्हणून. तसं त्यांनी शोधनिबंधात उघडपणे लिहिलंय. म्हणजे त्या मॉडेलला त्या जुळणीचं श्रेय द्यायचं नाही. संपलं.

उत्तर हातात नसतानाच्या परीक्षांबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. 1967 मध्ये मानाबे आणि वेदराल्ड या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे ढगांच्याही वरचा वातावरणाचा थर, थंड होईल. उपग्रहांची सलग मोजमापं सुरू व्हायला तेव्हा दहा वर्षांहून जास्त अवकाश होता. पुढे नेमकं तसंच दिसलं. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि 1992 च्या सुरुवातीलाच नासाचे हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांच्या गटाने पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड होईल असं छापून टाकलं. झाली. 2019 मध्ये मॉडेलांचे तापमानवाढीचे जुने 17 अंदाज तपासले गेले. उत्सर्जन वगैरे गृहीतकांतला फरक जमेस धरल्यावर त्यांतले 14 प्रत्यक्षाशी जुळले. यांत कुणी कुठलं उत्तर बघितलं होतं, तेवढं सांगा.

आणि मॉडेलवाले एकमेकांना सांभाळून घेतात असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या सीईएसएम 2 या मॉडेलचं बघा. त्याची संवेदनशीलता 5 अंशांच्या वर निघाली. गेल्या शतकाचं तापमान त्याला बऱ्यापैकी जमत होतं. पण 21,000 वर्षांपूर्वीच्या हिमयुगात नेऊन चालवलं तर पृथ्वी पुराव्यांपेक्षा कितीतरी जास्त गारठली. ही चूक त्याच मॉडेलवर काम करणाऱ्यांनी शोधली आणि छापली. 2021 च्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालातही सगळ्या मॉडेलांची सरळ सरासरी घेतलेली नाही. मोजमापांशी पडताळून अंदाजाचा पल्ला आवळला आहे.

चार दिवसांच्या पावसाबद्दल पुन्हा लिहीत नाही. कोणत्या दिवशी कुठे पडेल हा एक प्रश्न, तीस वर्षांची सरासरी कुठे सरकेल हा वेगळा. मूळ लेखात त्यावर अख्खा परिच्छेद आहे.

पुढे लिहाल तेव्हा मॉडेलचं नाव, फिरवलेला आकडा आणि तो कोणत्या तपासणीत पुन्हा वापरला, एवढं लिहा. मी वाचेन, सविस्तर उत्तरही देईन. 'मॅडम, शिका' अशी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे छापली जाणार नाही.