प्रतिक्रियेला उत्तर: रिकामटेकडं कोण?

'मॅडम, वजन उतरवून बीपी उतरवणं हे शिवाजी पार्कात फिरणाऱ्या रिकामटेकड्यांचं खूळ आहे. गोळी घ्या आणि गप्प बसा.' रक्तदाबावरच्या माझ्या लेखाखाली आपण हे लिहिलंत. पुढे आनुवंशिकता, फळांचे भाव वगैरेही आहे.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'गप्प बसा'? ओळखदेख नसलेल्या बाईला समोरासमोर असं म्हणाल का? नाव न लावता लिहायचं असलं की जीभ सैल सुटते.

एक मान्य. माझ्या लेखात ऑलिव्ह तेलाचा उल्लेख नसता तरी चाललं असतं. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल असतं, तेही चांगलंच आहे.

आता रिकामटेकड्यांबद्दल. मी डोंबिवलीची. नोकरीची सगळी वर्षं सकाळची फास्ट लोकल उभ्यानं केली. बीपी निघालं तेव्हा मुलं शाळेत होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शिवाजी पार्कात फेऱ्या मारायला मला कोण सोडणार होतं? सीएसएमटीहून नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी तेवढी सोडली आणि पायी जाऊ लागले, झपझप, दम लागेल असं. डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटं सांगितली होती, ती ऑफिस गाठण्यातच भरली. डब्यातलं लोणचं-पापड गेलं, आमटीतलं मीठ कमी झालं, संध्याकाळचा स्टेशनवरचा वडापाव सुटला. वजन सावकाश उतरलं आणि मागोमाग बीपीही. गोळीचा डोस कमी केला तो डॉक्टरांनी, वेळोवेळी मोजून. मी मनानं काही केलं नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे. अमेरिकेतल्या 'टोन' चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. बीपीच्या गोळीवर असलेली ६० ते ८० वयाची माणसं होती त्यात, आपल्या भाषेत सगळे रिकामटेकडेच! गोळी थांबवली ती देखरेखीखाली. त्यांतल्या स्थूल मंडळींपैकी ज्यांनी वजन आणि मीठ दोन्ही कमी केलं, त्यांना नेहमीसारखं राहणाऱ्यांपेक्षा गोळीविना राहणं कितीतरी जास्त जमलं. ढोबळ हिशेब असा, की एक किलो वजन उतरलं की बीपीचा वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. माणसागणिक फरक पडतोच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात फरसाण, पापड, वेफर्स सगळं आलं.

आणि गोळी सोडा असं मी कुठे लिहिलंय? ओळ दाखवा. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका' हे वाक्य लेखात आहे, ते आपण वाचलेलंच नाही.

आनुवंशिकता असते, म्हणून पथ्य फुकट जात नाही. फळं महाग म्हणता, तर केळी घ्या.

यापुढे मुद्दा असेल तर नावानिशी लिहा, उत्तर देईन. याच सुरात लिहिणार असाल तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.