अजून पाच हजार आरामात

गाडीचे टायर कधी बदलावेत, या प्रश्नाचं अचूक उत्तर 'पुढच्या महिन्यात' असं आहे. वर्षाच्या बाराही महिन्यांत हे उत्तर बरोबर येतं आणि खिशाला तोशीस लागत नाही. विचारणारा जरा चिवट निघाला, तर टायरकडे एक तिरका कटाक्ष टाकून म्हणावं, "अजून पाच हजार आरामात जातील." हा पाच हजार किलोमीटरचा आकडा कोणी कधी मोजला, ते विचारू नये. गेल्या वर्षीही तो पाच हजारच होता.

टायरवर पैसे घालायचे तरी कशाला? सीट कव्हर अंगाला लागतं, अत्तराची बाटली नाकाला कळते, मोठा स्क्रीन पाहुण्यांना दाखवता येतो. टायरचं काय, तो रस्त्याला लागतो आणि रस्ता काही कौतुक करत नाही. शिवाय एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. असे चार तळहात. दीड टन गाडी, आपण, घरचे, डिकीतलं सामान आणि ऐन वेळी मारलेला ब्रेक, हे सगळं त्या चार तळहातांवर. एवढ्याशा जागेसाठी एवढा खर्च शहाणा माणूस करत नाही.

तेव्हा पहिला धडा बघण्याचा. टायर नेहमी उभ्याने बघावा, पाच-सहा पावलांवरून, शक्यतो गाडी धुतल्यावर. तो काळाभोर चकाकत असेल तर तब्येत उत्तम. उकिडवं बसणं, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाची आतली कड बघणं, खाचांमधून बोट फिरवणं, हे प्रकार ज्यांना गुडघ्यांची आणि पैशांची काळजी नाही त्यांच्यासाठी.

मी हा नियम दोन वर्षं कसोशीने पाळला. मग दुसऱ्याच कुठल्या कामासाठी गाडी लिफ्टवर चढली आणि खालून मेकॅनिकने हाक मारली. बोलला काही नाही, हातात बॅटरी दिली फक्त. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड अगदी धडधाकट होती. आतल्या बाजूला मात्र तीन बोटं रुंदीचा पट्टा गुळगुळीत होऊन रबर संपलं होतं आणि त्यातून पोलादी तारांची टोकं बाहेर आली होती, जुन्या खराट्याच्या काड्यांसारखी. मी म्हणालो, "बाहेरून तर छान आहे हो." त्याने बॅटरी परत घेतली. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं की टायर असा एका कडेने खाल्ला जातो, हे मला नंतर कळलं. म्हणजे माहीत होतं, पण ते दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल.

टायर बनवणारे लोक मोठे भोचक. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि तिच्या तळाशी हे लोक जागोजागी रबराचे छोटे आडवे बांध घालून ठेवतात. बांधांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजत झिजत त्या बांधांच्या पातळीला आला की समजायचं, संपला. ते कुठे आहेत हे सापडावं म्हणून टायरच्या खांद्यावर बारीकसा त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय ही अक्षरंही छापतात. म्हणजे मोजपट्टी नको, अवजार नको, वाकून बघितलं की उत्तर समोर. म्हणून तर वाकायचं नाही.

अनेक देशांचा कायदाही याच १.६ वर थांबतो. त्याचा सोयीचा अर्थ असा की १.७ मिलिमीटरला टायर ठणठणीत आहे आणि १.५ ला एकाएकी वारला. जाणकार म्हणतात, पावसात गाडी चालवायची तर ३ मिलिमीटर उरले की बदला. जाणकारांना काय जातं म्हणायला. त्यांचं म्हणणं असं की त्या खाचा शोभेच्या नाहीत, ती गटारं आहेत. चाकाखाली आलेलं पाणी त्यांनी बाजूला काढून द्यायचं असतं. गटार उथळ झालं की पाणी निघून जायच्या आत चाक त्याच्यावर चढतं आणि गाडी रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगते. त्या क्षणी स्टीअरिंग लोण्यासारखं मऊ लागतं. घाबरू नये. बिनखर्चात पॉवर स्टीअरिंग सुधारलं असं समजावं आणि गाडी कुठे जातेय ते मोकळ्या मनाने बघत राहावं. दुसरं काही करण्यासारखं तेव्हा नसतंच.

यावर एक हमखास मुद्दा हाताशी ठेवा: "रेसच्या गाड्यांचे टायर गुळगुळीतच असतात. त्या ताशी तीनशेने पळतात." हा मुद्दा ऐकून समोरचा गप्प होतो आणि मुद्दा खराही आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९८ पासून २००८ पर्यंत टायरना खाचा सक्तीच्या होत्या, त्यासुद्धा गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून. २००९ ला गुळगुळीत टायर परत आले. कोरड्या रस्त्यावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त, हे शास्त्र आहे. इथे थांबावं. पुढे जाऊन हे सांगू नये की ते रबर मुळातच मऊ आणि चिकट असतं, आणि आपल्या टायरवर उरलेलं ते तळाचं असतं. पावसाचे थेंब पडू लागले की तेच जगज्जेते चालक आधी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, घुसतात आणि खाचांचे टायर चढवून घेतात, जे ताशी ३०० च्या वेगात एकेका चाकाखालून सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी उपसतात, हेही सांगू नये. आणि एकाच शर्यतीत ते किती वेळा टायर बदलतात, हा विषय तर निघताच कामा नये.

आता गाडीच्या तक्रारींकडे वळू. ताशी ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरत असेल तर दोन उपाय आहेत: ऐंशीच्या खाली चालवणं किंवा शंभरच्या वर. मधला पट्टा फक्त वाईट. चाकांतून घूं घूं असा आवाज येत असेल तर गाण्याचा आवाज वाढवावा. मागच्या सीटवरून मुलगी विचारते, "बाबा, हा आवाज कसला?" सांगावं, रस्ता खराब आहे. रस्त्यावर ढकललेली कुठलीही गोष्ट पटते.

हवेच्या बाबतीत लाथ हे सर्वमान्य मापनयंत्र आहे. चाकाला बुटाच्या टोकाने एक हाणावी, 'टण्ण' वाटलं की झालं. ट्यूबलेस टायर हवा निम्मी झाली तरी बाहेरून फारसा बसलेला दिसत नाही, त्यामुळे नजरही आपल्याच बाजूने साक्ष देते. फारच टोचणी लागली तर तासभर गाडी पळवून मग हवा तपासा. टायर तापलेला असतो, दाब वाढलेला असतो, आकडा कसा भरघोस येतो. थंड टायरची हवा मोजावी असं म्हणणारे लोक डॉक्टरकडेही खरं वजन सांगणारे असतात. किती हवा भरायची याचं स्टिकर चालकाच्या दाराच्या चौकटीवर गाडी घेतल्यापासून चिकटलेलं आहे. ते तसंच कोरं, न वाचलेलं राहू द्या. टायरवर हवेच्या दाबाचा जो आकडा छापलाय, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, पण आपण तोच सल्ला समजून चालावं. मग टायर मधोमध झिजतो. हवा कमी ठेवलीत तर दोन्ही कडांनी झिजतो. आवडीचा प्रश्न आहे. आणि नायट्रोजन अवश्य भरा. साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो, पण ती फुकट मिळते, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसत नाही.

टायरला वयही असतं, आणि हा प्रकार तर मला खाजगी आयुष्यात नाक खुपसण्यासारखा वाटतो. टायरच्या अंगावर एक लंबगोल असतो, त्यात चार आकडे. २३१९ असं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. हा लंबगोल पुष्कळदा एकाच बाजूला छापलेला असतो आणि टायर बसवताना ती बाजू आत जाते. देव पाठीशी आहे म्हणतात तो असा. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, टायरवाल्यांपैकी काही जण दहा वर्षं ही शेवटची हद्द सांगतात, मग नक्षी कितीही शाबूत असो. "पण गाडी जास्त फिरतच नाही" हे उत्तर इथे चपखल. ते उलटतं कसं ते बघा: रबराचं रक्षण करणारं मेण टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतं. उभ्या गाडीचा टायर ते करू शकत नाही. तो जागच्या जागी वाळतो आणि टाचेला पडतात तशा बारीक भेगा त्याच्या कडेला पडतात. भेगा दिसल्या की वर काळं पॉलिश मारावं.

कडेला फुगा आला असेल तर मात्र जरा गंभीर व्हावं, म्हणजे तो भाग सावलीत येईल अशी गाडी उभी करावी. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर ढुशी देते आणि लिंबाएवढा टेंगूळ येतो. याला पंक्चरवालासुद्धा हात लावत नाही. चाळीस वर्षं काम केलेला, पोत्यासारख्या फाटक्या टायरच्या भोकात रबरी दोरी खुपसून त्याला रस्त्यावर परत पाठवणारा माणूस, तोही फुगा बघून मान हलवतो आणि "टाकून द्या" म्हणतो. अशा वेळी दुसरा पंक्चरवाला शोधावा.

इतकं करूनही बदलण्याची वेळ आलीच, तर चार टायर एकदम घेणं म्हणजे हार मानणं. दोन घ्या. आणि ते पुढे टाका. यावर वाद घालायला दुकानातला पोऱ्या तयार असेल: दोनच घ्यायचे तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जात असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे जाते, पाय सैल केला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि आपल्याला कळेपर्यंत तोंड आल्या वाटेकडे झालेलं असतं. हे सगळं त्याचं बरोबर आहे. पण नवे टायर मागे टाकले तर आपल्याला ते दिसणार कुठून? पैसे दिलेत, निदान दारातून उतरताना नजर तरी पडली पाहिजे.

कंपनी कुठलीही चालेल. एकाच आसावर डावीकडे एक, उजवीकडे दुसरी असेल तर प्रत्येकाला संधी मिळते. आकार मात्र थोडा वाढवावा. २०५/५५ आर १६ लिहिलंय म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आतली रिम १६ इंची, वगैरे. यातला कुठलाही आकडा आवडला नाही तर बदला. पुढे ९१ व्ही असं काही असतं: एक टायर ६१५ किलो भार पेलेल आणि ताशी २४० पर्यंत टिकेल. आपण कधी दोनशे चाळीसने जात नाही, तेव्हा ते अक्षर आपल्यासाठी नाही, आणि भाराचा आकडाही त्याच झटक्यात विसरून जावा. जुना वापरलेला टायर मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. तो कोणीतरी 'आता नको' म्हणून काढलेला असतो. त्याला घाई झाली असेल.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी गाडीला लावायचं जादा चाक विकायला काढलं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं, आणि ते चाक आपल्या डिकीत, जुन्या चपला, छत्री आणि सहलीच्या चटईखाली येऊन पडलं. तिथे ते गाडीच्या जन्मापासून आहे, म्हणजे तुमच्याकडे एक टायर तरी अगदी नवा आहे, वय वर्षं अकरा. तिची हवा बघू नका. आधी चटई काढावी लागते. ती बारीक चणीची, 'ताशी ८० च्या वर नको' असं अंगावर छापलेली असेल, तर तात्पुरती म्हणून लावा आणि खुशाल महिनोन्महिने वापरा.

मीही हे सगळं निष्ठेने केलं आणि एक दिवस गाडी विकायची ठरवली. फोटोंत टायर फारच केविलवाणे येत होते. म्हणून घेणारा बघायला यायच्या आदल्या आठवड्यात मी चारही नवे कोरे टाकले, एकाच कंपनीचे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व, सगळं. कडेला ते रबराचे बारीक केस अजून उभे होते. त्या आठवड्यात गाडी जशी चालली तशी पाच वर्षांत चालली नव्हती. घूं घूं गेली, थरथर गेली, मुलगी म्हणाली रस्ता दुरुस्त केला वाटतं.

घेणारा आला. बॉनेट उघडून बघितलं, सीट कव्हरवरून हात फिरवला, स्क्रीन चालतो का विचारलं. मग पुढच्या चाकाला बुटाच्या टोकाने एक लाथ मारली आणि समाधानाने मान डोलावली. चाव्या देताना मी म्हणालो, "टायरची काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःसाठी एक वापरलेली गाडी बघायला गेलो. मालक भला माणूस वाटला. चाकाला लाथ मारून बघितली. टण्ण.

"अजून पाच हजार आरामात," तो म्हणाला.