पेट फ्रेंडली लिहिण्याआधी घर वाळवायला शिका

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून गाडीत कुत्रं घेऊन गोव्यात उतरणारी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. आसगाव, शिवोली, मोरजी, आश्वे, खाली पार काणकोणपर्यंत भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं दिसतं. दार उघडल्यावर पहिल्या श्वासात मात्र लेमनग्रासचा फवारा येतो, त्याच्या मागून फिनेल, आणि त्याच्याही मागून आधीच्या पाहुण्याचा कुत्रा.

माझं ठाम मत आहे की प्राण्यांना घेणारं घर चालवणं हे पुसण्यापेक्षा वाळवण्याचं काम आहे. ज्यांच्याकडे वाळवायला वेळ आणि साधनं नाहीत, त्यांनी ते दोन शब्द जाहिरातीतून काढून टाकावेत. प्राण्याच्या नावाने रात्रीमागे वेगळे पैसे घेता ना? मग ते या कामावरच खर्च व्हायला हवेत.

आधी वास येतो कुठून ते बघू. कुत्र्याच्या लघवीत पाणी, युरिया आणि क्षार असतात. ताजी असताना तिला फारसा वास नसतो. नंतर जिवाणू युरिया फोडून त्याचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबायला लागतं. पाणी उडून जातं. क्षार आणि बाकीची घाण लादीच्या सांध्यात, चौकटीच्या लाकडात, गादीत बसून राहते. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणूनच जानेवारीत निर्मळ वाटणारी खोली जूनच्या पहिल्या पावसात घाण मारते, आणि मालक म्हणतो, ‘अहो, गेल्या महिन्याभरात एकही कुत्रा आला नाही.’ तो खोटं बोलत नसतो. डाग जुना असतो, ओल नवी असते. मांजराचं प्रकरण याहून चिवट. त्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, ते फुटत जातं तसा वास वाढत जातो. नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं.

प्रमाणाचाही अंदाज हवा. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते ४० मिली लघवी करतो. म्हणजे ३० किलोचा लॅब्रेडोर दिवसाला ६०० ते १२०० मिली. प्रवासाने बावरलेल्या अशा कुत्र्याने एकदा गादीवर केली, तर दोन-तीनशे मिली सहज आत जाते. चादर बदलून आणि वरून फवारा मारून ती बाहेर येत नाही.

आता फिनेल. काळ्या फिनेलात फिनॉल वर्गातली रसायनं असतात, पांढऱ्यात पाइन तेल. मांजराच्या यकृताला फिनॉल नीट निपटता येत नाही. ते फरशीवर चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. कपाटात आणि मोरीच्या जाळीवर टाकलेल्या डांबरगोळ्या तर कुत्रा गिळूही शकतो, आणि त्या कुत्रा-मांजर दोघांनाही घातक आहेत. ब्लीचचं आणखी वेगळं. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिळालं की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि संडास साफ करण्याच्या आम्लाशी मिळालं की क्लोरीन. बंद बाथरूममध्ये घासायला बसलेल्या बाईच्या छातीत तो जातो. साफसफाई करणाऱ्या माणसांना हे कोणी समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो. मालकाने त्यांच्या हातात बाटली देण्याआधी हे तोंडी सांगायलाच हवं.

मग वापरायचं काय? एन्झाइम क्लीनर, म्हणजे लघवीतली घाण फोडणारी एन्झाइमं आणि जिवाणू असलेलं द्रावण. तो ऑनलाइन मिळतो, प्राण्यांच्या सामानाच्या दुकानातही मिळतो. बहुतेक जण तो चुकीचा वापरतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. फवारून लगेच पुसला तर उपयोग होणारच नाही, कारण एन्झाइम आणि त्यातले जिवाणू ओल असेपर्यंतच काम करतात. क्रम असा ठेवा. आधी जुन्या टॉवेलने दाबून जेवढी लघवी टिपता येईल तेवढी टिपा. घासू नका, घासलं की ती पसरते. मग साध्या पाण्याने एकदा पुसा. त्या जागी आधी फिनेल किंवा ब्लीच पडलं असेल तर हे पाण्याने पुसणं दोन-तीनदा करा, नाहीतर एन्झाइम तिथेच मरतं. मग जेवढी लघवी झाली असेल साधारण तेवढा क्लीनर ओता, डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल इतका. फरशीवर किमान १५ मिनिटं ओलं राहू द्या. गादीवर किंवा सोफ्यावर असेल तर वर प्लास्टिक घालून काही तास. मग टिपा आणि वाळवा. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं.

हाताशी एन्झाइम नसेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाव लिटर, एक मोठा चमचा खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, हे तिथल्या तिथे कालवून वापरा. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका. आत वायू साठतो आणि बाटली फुटू शकते. रंगीत कापडाचा रंग यानं उडतो, आधी कोपऱ्यात बघून घ्या.

डाग शोधायला युव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरची; तिच्या उजेडात लघवीचे डाग चमकतात. स्वस्तातल्या ३९५ वाल्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पडतो की फिकट डाग दिसत नाही. रात्री दिवे बंद करून, जमिनीपासून हातभर वर धरून भिंतीचा खालचा भाग, सोफ्याचे पाय, पडद्यांच्या कडा, फ्रिजचा कोपरा बघा. कपड्याच्या साबणातलं चमक आणणारं रसायनही असंच चमकतं, तेव्हा चमकलं की हुंगून खात्री करा.

गोव्यातली जुनी घरं इथे वेगळा विचार मागतात. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत सच्छिद्र असते, लघवी शोषून घेते. नर कुत्रा बाल्कांवच्या (दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या) खांबाला पाय वर करतो, कारण आधी गावातल्या कुत्र्यांनी त्याच खांबाला आणि फाटकाला खूण केलेली असते. म्हणजे पाहुण्याच्या कुत्र्याला सुरुवात फाटकाबाहेरूनच मिळते, आणि आतल्या खोल्या कितीही पुसल्या तरी फाटक आणि खांबाचा पाया धुतल्याशिवाय हे थांबत नाही. चुन्याच्या भिंतीवर डाग असताना वरून चुना मारण्याची घाई तर अजिबात करू नका. चुना अल्कधर्मी असतो, तो डागातला अमोनिया मोकळा करतो आणि वास दुप्पट येतो. आधी एन्झाइम, मग पूर्ण सुकवणं, मग चुना.

फरशीचंही तसंच. ताज्या लघवीवर पांढरं व्हिनेगर समप्रमाणात पाण्यात घालून चालतं, पण फक्त व्हिट्रिफाइड टाइल्सवर. संगमरवर, कोटा, कडप्पा आणि जुन्या घरातल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या यांना आम्ल खातं. लादीची झिलई गेली की ती अधिक शोषते आणि पुढच्या वेळी वास जास्त बसतो. संडास साफ करायचं आम्ल तर त्या लाद्यांच्या जवळपासही नको. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः काही शोषत नाही, तिच्या सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट शोषतं. ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं हा एकदाच करायचा खर्च आहे, आणि माझ्या मते दहा सुगंधी मशिन्सपेक्षा मोलाचा. दाराच्या चौकटींना खालून फूटभर पॉलीयुरेथेनचे दोन हात द्या. भिंतीला खालून मीटरभर धुता येणारा इमल्शन रंग द्या, डिस्टेंपर नको.

गादी ही या धंद्यातली सर्वांत महाग चूक. नुसतं वरून घातलेलं प्रोटेक्टर पुरत नाही, कडेने लघवी आत जाते. सगळीकडून झाकणारं, चेनचं, आतून जलरोधक थर असलेलं कव्हर घ्या. वरून शिलाईची नक्षी असलेलं टाळा, सुईच्या भोकांतून पाणी जातं. प्रत्येक पलंगाला दोन कव्हरं हवीत, एक वाळत असताना दुसरं चढवायला. उशांनाही. ही कव्हरं ब्लीचमध्ये घालू नका, इस्त्री करू नका, ड्रायर मंद ठेवा; थर सुटला की कव्हर नुसतं कापड उरतं. चादरी आधी गार पाण्यातून काढा, कारण गरम पाण्याने प्रथिनांचे डाग पक्के बसतात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने टॉवेल पाणी शोषेनासे होतात. आणि मशीनमध्ये टाकण्याआधी कपडे बाहेर झटका, नाहीतर केसांनी फिल्टर तुंबतो.

लघवी फोममध्ये दोन इंचांपेक्षा खोल गेली असेल आणि जुलै चालू असेल, तर ती गादी वाचवण्याचा नाद सोडा. ती वाळणारच नाही.

हाच माझा मूळ मुद्दा. पावसाळ्यात गोव्याची हवा बहुतेक वेळ ८५ ते ९० टक्के दमट असते. अशा हवेत ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा सल्ला उलटा पडतो, कारण बाहेरून ओलच आत येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खोली बंद करून एसी ड्राय मोडवर आणि पंखा पूर्ण वेगात, किंवा सरळ डीह्युमिडिफायर. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक लावा आणि खोली ६० टक्क्यांच्या खाली आली की मगच ती तयार समजा. आता हिशोब करा. अकराला चेक-आउट, दोनला चेक-इन. तीन तासांत केस काढणं, डाग शोधणं, एन्झाइमला वेळ देणं आणि वाळवणं कोरड्या डिसेंबरातही ओढाताणीचं आहे, जुलैत अशक्य. कुत्रा राहून गेल्यावर पावसाळ्यात एक रात्र घर रिकामं ठेवायला हवं. ते परवडत नसेल तर त्या चार महिन्यांत प्राणी घेऊ नयेत. यात कमीपणा काही नाही.

समुद्राचं पाणीही याच कारणाने त्रास देतं. मीठ ओल धरून ठेवतं. समुद्रात डुंबलेला कुत्रा तसाच सोफ्यावर बसला तर तो सोफा कितीतरी दिवस दमट राहतो, आणि ओल्या केसांतले जिवाणू आणि यीस्ट तो ओळखीचा ओला वास सोडतात. उपाय स्वस्त आहे. दाराच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर एक नळ, त्याला रबरी पाइप, खाली उताराचा सिमेंटचा चौथरा, आणि खुंटीला कुत्र्याचे म्हणून वेगळ्या रंगाचे दोन टॉवेल. काथ्याचं पायपुसणं काढून रबराचं ठेवा. सोफ्याचे खोळ चेनचे, काढून धुता येणारे. आणि एसी: प्रत्येक प्राणी गेल्यावर जाळी काढून धुवा. आत केस अडकतात, पाण्याच्या ट्रेमध्ये चिकट थर जमतो आणि एसी लावला की आंबूस वास खोलीभर फिरतो. अनेक घरांत ज्याला ‘कुत्र्याचा वास’ म्हणतात तो असा एसीतूनच येत असतो.

गोचिडांकडे तर फार थोड्यांचं लक्ष असतं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घराच्या आतच आपलं सगळं आयुष्यचक्र पूर्ण करू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीने वर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. गिलावा नसलेला चिरा दिसतो सुंदर, पण तो तिच्यासाठी फटींनीच भरलेला असतो. कुत्र्याच्या झोपायच्या खोलीत तरी फटी भरून घ्या. फवारणी करवली तर कंपनीला औषधाचं नाव विचारा. परमेथ्रिन मांजराला जीवघेणं असतं, तेव्हा त्यानंतर लगेच मांजरवाला पाहुणा घेऊ नका.

घर तयार झालं की परीक्षा अशी: सगळं बंद करा, एसी बंद, सुगंध बंद, दोन तास जाऊ द्या. मग बाहेरून आलेल्या दुसऱ्या माणसाला आत पाठवा आणि गुडघ्यावर बसून पहिला श्वास घ्यायला सांगा. रोज तिथे वावरणाऱ्याचं नाक मेलेलं असतं, त्याच्या ‘काही वास नाही’वर विसंबू नका.

पाहुण्यांनो, तुमचंही थोडं काम आहे. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध समुद्रात जाण्याच्या निदान ४८ तास आधी टाका, नाहीतर ते धुऊन जाईल. घरचं अंथरूण धुऊ नका, तसंच आणा. आपला वास असलेली जागा मिळाली की नवख्या घरात कुत्रा खूण कमी करतो. मांजराच्या ट्रेमधली माती (लिटर) संडासात ओतू नका, ती पाण्यात फुगते, आणि गावातल्या बऱ्याच घरांना सेप्टिक टँक आहे. बुकिंग करताना फरशी कशाने पुसता आणि आधीचा प्राणी कधी गेला, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना मालक अडखळला तर दुसरं घर बघा.

आणि कुत्र्याने गादीवर केलीच तर लपवू नका. पहिल्या तासात कळलं तर गादी वाचते, चेक-आउटनंतर कळलं तर नाही. मालकांनीही मग सांगणाऱ्याला दंड लावू नये. एकाला लावला की पुढचे दहा जण उशी उलटी करून निघून जातात. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एन्झाइमची बाटली, जुने चार टॉवेल आणि वर लिहिलेला क्रम मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून ठेवा, आणि चावी देताना ती जागा बोट दाखवून सांगा.