टाळ, फराळ आणि मंगळसूत्र: ‘वेगळे व्हा’ या संदेशाला उत्तर

दिवाळी जवळ आली की मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो आणि नाताळ होईपर्यंत फिरत राहतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. कीर्तन, अभंग, टाळ-मृदंग ही परक्या देवांची उपासना, ती चर्चमध्ये नको. मंगळसूत्र, टिकली, हिरव्या बांगड्या काढून टाका. शेजाऱ्यांकडचा फराळ घेऊ नका. मुलांना बायबलमधलीच नावं ठेवा. शेवटी बायबलमधल्या दोन वचनांचा आधार दिलेला असतो: राष्ट्रांच्या रीती शिकू नका (यिर्मया, अध्याय १०) आणि त्यांच्यातून निघून वेगळे व्हा (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ६).

संदेश पाठवणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून नाही, आणि त्यामुळे साध्या, भाविक माणसांच्या मनावर नको ते ओझं पडतं. म्हणून हे उत्तर.

आधी ती दोन वचनं. यिर्मयाचा दहावा अध्याय पुढे वाचला की तो कशाबद्दल बोलतो ते लगेच कळतं. आकाशातल्या चिन्हांना घाबरू नका, लाकूड तोडून, सोन्या-रुप्याने मढवून, खिळ्यांनी ठोकून उभ्या केलेल्या मूर्तींना भिऊ नका, असं तो सांगतो. विषय आहे भीतीचा आणि मूर्तिपूजेचा. लोकांचं गाणं, नेसणं, खाणं यांच्याबद्दल तिथे चकार शब्द नाही. करिंथकरांच्या, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांच्या पत्रातही ते लिहिणारा प्रेषित पौल मूर्तींच्या मंदिराबद्दल बोलतो आहे. याच करिंथकरांना त्याने पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात खुलासा केला होता की जगातल्या लोकांशी मुळीच संबंध ठेवू नका असं माझं म्हणणं नाही, तसं करायचं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. ‘वेगळे व्हा’ एवढंच उचलायचं आणि हा खुलासा सोडायचा, हे बरोबर नाही.

आता फराळ. या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे पौलाने आपल्याला अंदाज बांधायला जागाच ठेवलेली नाही. करिंथ शहरात हाच प्रश्न उभा राहिला होता. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा मंदिरात वाहिलेल्या जनावराचं असे. शेजारी, नातेवाईक, धंद्यातले लोक जेवायला बोलावत. मग जायचं की नाही? पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात उत्तर आहे. बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढे वाढलेलं खा. ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर मात्र सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. त्याच अध्यायात, थोडं आधी, मूर्तीच्या पूजेत सहभागी होण्याला त्याने सरळ मनाई केली आहे. म्हणजे रेषा आहे आणि ती स्पष्ट आहे. पूजेत बसणं वेगळं, शेजारच्या काकूंनी डबा भरून आणलेल्या चकल्या आणि करंज्या घेणं वेगळं. पूजेतला प्रसाद नम्रपणे नको म्हणणाऱ्या माणसाला पौल आपल्या बाजूने उभा दिसेल. पण तो चकल्यांचा डबा दारातून परत पाठवणाऱ्याला या अध्यायातून आधार मिळणार नाही. आपण नाताळात केक आणि करंज्या घेऊन त्याच काकूंच्या दारी जातो. त्यांनीही आपला डबा परत केला तर आपल्याला काय वाटेल?

नावांचा मुद्दा तर नव्या करारासमोर टिकतच नाही. किंख्रिया इथल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सेविका फीबी हिचं नाव ग्रीक देवतांच्या उपाधीवरून आलेलं. अपुल्लोच्या नावात अपोलो देव आहे. फिलिप्पैकरांनी पौलाकडे मदत देऊन पाठवलेला एपफ्रदीत, त्याच्या नावात अफ्रोदिती देवी. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ज्यांना सलाम सांगतो त्यांच्यात एक जण हर्मेस आहे, हे तर थेट देवाचंच नाव. यांपैकी कुणालाही पौलाने नाव बदलायला लावलं नाही. मग आपल्या मंडळीतल्या लक्ष्मी, गणपत, विठ्ठल या नावांनी कोणाचा विश्वास बुडतो?

मंगळसूत्र आणि टिकली यांच्याबद्दल थोडक्यात. अनेक मराठी ख्रिस्ती बायकांच्या मंगळसूत्राला क्रूस असतो, आणि ते लग्नाचं चिन्ह आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. संदेश अंगठीला ख्रिस्ती मानतो, पण लग्नाची अंगठी ख्रिस्ताच्या आधीपासून रोमन लोकांमध्ये होती. पांढऱ्या गाऊनची चाल १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर फोफावली. मंडळीने या गोष्टी उचलल्या आणि त्यांना आपला अर्थ दिला, त्यात काही वावगं नव्हतं. मग काळ्या मण्यांना तोच न्याय का नाही? टिकली कुणाला लावायची नसेल तर तिने लावू नये, कुणी लावली तर तिला बोल लावू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच मतभेदांसाठी लिहिलेला आहे.

कीर्तन-अभंगांबद्दलचं म्हणणं वाचून सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण त्यात आपल्याच वडीलधाऱ्यांचा अपमान आहे. १५० वं स्तोत्र देवाची स्तुती डफ, नृत्य, तंतुवाद्यं आणि झांजा घेऊन करायला सांगतं. झांजा चालतात, तर टाळ का चालू नयेत? ज्या ऑर्गनला आपण चर्चचं वाद्य मानतो तो रोमन काळात आखाड्यातल्या खेळांच्या वेळी वाजत असे, आणि युरोपातल्या चर्चमध्ये तो रुळायला अनेक शतकं गेली. कुठलंही वाद्य जन्मतः ख्रिस्ती नसतं.

आपला इतिहासही पाहा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य) १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. पुराण ऐकत वाढलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताची कथा त्यांच्या कानाला ओळखीच्या चालीत मिळाली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर सांगत की तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. उपासना संगीतातली त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं हवीत या आग्रहाला त्यांनी संस्कृतची बाजू घेऊन ठाम उत्तर दिलं. पुढे याच बाईंनी अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. यांतल्या कुणाचा विश्वास कच्चा होता, हे मला दाखवून द्या. कॅथलिक बांधवांसाठी आणखी एक गोष्ट: भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने १९६९ साली मान्यता दिली. हात जोडून नमस्कार, तेलाचा दिवा आणि आरती त्यांत होती.

उलट, सगळं तोडा असा हुकूम खरोखर कुणी काढला, तर गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाने. १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती लोकांना धोतर आणि चोळी वर्ज्य केली, दारात तुळस लावायला बंदी घातली, भातसुद्धा हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवू नये असं बजावलं. त्या फर्मानाने माणसं ख्रिस्ताच्या जवळ आली नाहीत, भ्यायली.

आता संदेशातला खरा भाग. विश्वासात आल्यावर काही गोष्टी सोडाव्याच लागतात, हे बरोबर आहे. पण काय सोडायचं ते ठरवताना पहिल्या मंडळीने काय केलं? प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. यरुशलेमेत मोठा वाद झाला आणि ठरलं की परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, यहुदी रीती घ्यायची गरज नाही. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहावं, एवढंच लिहून पाठवलं. सुंतेसारखी मोठी रीतही त्यांनी कुणावर लादली नाही. येशूचा शिष्य पेत्र याने अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर जेवणं थांबवलं, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर अडवलं, गलतीकरांस पत्रात ते लिहिलेलं आहे. सुवार्तेच्या विरोधात काय जातं ते तिथे दिसतं: एकाच ख्रिस्ताच्या माणसांनी वेगवेगळ्या पंगतीत बसणं.

आणि नेमकी ही गोष्ट त्या संदेशात कुठेच नाही. आपल्या मंडळ्यांत लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या तरी विचारला जातो. हुंडा घेतला जातो आणि त्याला भेट म्हटलं जातं. टिकलीवर चार परिच्छेद लिहिणाऱ्याला जातीवर एक ओळ लिहिता आली नाही. यिर्मयाचं वचन घेऊन कुणी असा संदेश लिहावा की राष्ट्रांची ही रीत सोडा, मुलीचं स्थळ पाहताना जात विचारू नका, आणि तो वेदीवरूनही वाचावा. तो मी स्वतः माझ्या प्रत्येक ग्रुपवर पाठवीन.