बारा मिनिटांचा कॅप्टन

परवा रविवारी अप्पांना २००९चा ‘स्टार ट्रेक’ हा अंतराळातला सिनेमा दाखवला. अप्पांनी पस्तीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरीचे माग चालवले. कर्क, स्पॉक ही त्यातल्या नायकांची नावं त्यांनी आयुष्यात ऐकलेली नव्हती. सिनेमा इंग्रजीत, त्यामुळे मी मधे मधे थांबवून सांगत होतो.

दहाएक मिनिटांतच थांबवायची गरज उरली नाही. कॅप्टन मारला जातो आणि जॉर्ज कर्कच्या हाती बारा मिनिटांपुरतं यान येतं, तेही मोडकळीला आलेलं. ऑटोपायलट निकामी. बाकीचे निसटावेत म्हणून हा एकटा मागे राहतो आणि यान शत्रूवर नेऊन आदळतो. तिकडे छोट्या यानात बायको बाळंत होतेय. दोघं बोलत बोलत बाळाचं नाव ठरवतात : माझ्या वडिलांचं टायबेरियस नको, तुझ्या वडिलांचं ठेवू, जिम. हाच पुढे सिनेमाचा नायक कर्क. स्फोटांचे आवाज मागे पडतात आणि संगीत पुढे येतं. मागांच्या खडखडाटानं अप्पांना एका कानानं कमी ऐकू येतं, तरी त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. ताटात शेंगाचटणी आणि भाकरी तशीच. मग म्हणाले, “पोराचं तोंडबी बघितलं न्हाई की रं त्यानं.”

बंद पडलेली मालिका पुन्हा उभी राहते ती इथं, असं माझं ठाम मत आहे. ‘स्टार ट्रेक’ ही मुळात १९६६ची टीव्ही मालिका, पुढे तिच्यावर सिनेमे निघाले. त्यातला २००२चा ‘नेमेसिस’ तिकीटबारीवर साफ आपटला होता. सात वर्षांनी जे. जे. अब्राम्सनं नवा सिनेमा केला आणि त्यानं जगभरात ३८ कोटी डॉलरच्या वर कमावले. एवढी गर्दी नुसत्या जुन्या चाहत्यांची होत नाही. त्यात अप्पांसारखे, आधीचं काहीच न पाहिलेले लोक असावे लागतात. जुनी धून वाजली की चाहता टाळ्या वाजवतो. पण नव्या माणसाला त्या धुनीचं काय? त्याला पहिल्या रिळात कुणाची तरी काळजी वाटली पाहिजे.

जुन्यांनाही दुखावलं नाही, हे त्या लेखकांचं मोठं काम. भविष्यातून आलेला खलनायक नीरो इतिहासच बदलतो, आणि तिथून वेगळा काळ सुरू होतो. आधीच्या गोष्टी आपल्या जागी शाबूत. अप्पांच्या धंद्यातलं सांगायचं तर जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारे, जुने पुठ्ठे जपून ठेवले आणि नव्या नक्षीला नवे केले. वर लिओनार्ड निमॉय, म्हणजे मूळचा स्पॉक, म्हातारा होऊन या नव्या पोरांना भेटतो. आणि स्पॉकचा ग्रह नष्ट होतो, आई डोळ्यांदेखत जाते, ते परत आणत नाहीत. गेलं ते गेलं. म्हणून पुढच्या प्रत्येक संकटाची भीती खरी वाटते.

कर्कच्या एंटरप्राइज यानाची इंजिनरूम दिसली तेव्हा अप्पा पुढे सरकून बसले. “ही कंपनी खरीय बघ. हे पाइप कुणीतरी रोज पुसतंय.” लॉस एंजेलिसजवळच्या खऱ्या बिअर कारखान्यात तो भाग चित्रित केलाय. मला ते वाचून माहीत होतं, अप्पांना बघून कळलं. असं वजन असलं की वरचं अंतराळही पटतं.

पुढच्या, २०१३च्या ‘इन्टू डार्कनेस’वर मात्र माझा राग आहे. १९८२च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या जुन्या सिनेमात स्पॉक मरतो तेव्हा कर्क आणि तो काचेच्या दोन बाजूंना असतात, आणि प्रेक्षकाची त्या दोघांशी सोळा वर्षांची ओळख असते. २०१३मध्ये तोच प्रसंग उलटा केला, कर्कला मारलं आणि खान या खलनायकाचं रक्त देऊन थोड्याच वेळात उठवून बसवलं. ओळख जेमतेम दुसऱ्या सिनेमाची. उसन्या दुःखाला रडू येत नाही.

त्यानंतरच्या, २०१६च्या ‘बियाँड’नं ते भरून काढलं. २०१५मध्ये निमॉय खरंच गेले होते. सिनेमात तरुण स्पॉक म्हाताऱ्या स्पॉकच्या वस्तूंतून एक फोटो काढतो, जुन्या सगळ्या सहकाऱ्यांचा. कुणी भाषण करत नाही. तो फक्त बघत राहतो.

अप्पांना मी अजून पुढचे दोन्ही दाखवलेले नाहीत. त्यांनीच विचारलं, “त्या म्हाताऱ्याचा जुना सिनेमा हाय का?” येत्या रविवारी १९८२चा लावणार आहे. शेवटी काय होतं ते त्यांना सांगितलेलं नाही.