मजूर मुकादमाचे, मग कारखान्याचा काय संबंध?

गळीत हंगाम तोंडावर आला की एक मजकूर आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच राहतो. ऊसतोड मजूर मुकादमाचे, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचे, कारखान्याचे नव्हेत. बायका गर्भपिशवी काढतात ती आपल्या मर्जीनं. शाश्वत विकास आणि स्त्री-पुरुष समानता ही परदेशी कंपन्यांनी इथल्या साखर धंद्यावर लादलेली थेरं. कारखानदारांनी एकत्र येऊन मजूर बायकांवर खर्च करायचा म्हटला तर कारखाने बुडतील. आणि आता हार्वेस्टर (ऊस तोडणारं यंत्र) आलाच आहे, तेव्हा प्रश्न आपोआप मिटेल. खाली सवयीप्रमाणे ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मुद्द्यांच्या त्याच क्रमानं सांगतो.

‘मजूर मुकादमाचे’

उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडतो किंवा तोडून घेतो आणि कारखान्याला नेऊन घालतो. तिथं कुणी असं म्हटलं असतं तर थोडं तरी समजून घेता आलं असतं. महाराष्ट्रात कुणाचा उसाचा फड कधी तुटणार हे कारखान्याचं शेती खातं ठरवतं. टोळी कुठल्या गावाला जायची, तेही तिथंच ठरतं. हंगामाआधीची उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीकडे, अशी खाली उतरते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापून घेणाराही कारखानाच. आमच्या घरच्या बिलावर ही वजावट नीट छापलेली असते. मुकादमाचं नाव तिथं कुठं दिसत नाही.

दराचंही तेच. टनामागे मजुरी किती, हे कुठलाही मुकादम ठरवत नाही. साखर संघ, म्हणजे कारखान्यांची संघटना, आणि मजूर संघटना एका टेबलाला बसतात आणि साऱ्या राज्यासाठी एक आकडा निघतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, मुकादमाचं कमिशनही वाढलं. मुकादमाचं कमिशन ज्या बैठकीत ठरतं, त्या बैठकीत बसणाऱ्यांनी मजुरांशी आपला संबंध नाही म्हणावं, हे अजब आहे.

‘बायका मर्जीनं गर्भपिशवी काढतात’

या वाक्यावर जरा थांबावं लागेल, कारण ऐकणाऱ्याला ते चटकन खरं वाटतं. कुणी हात धरून ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं नाही, कागदावर अंगठा तिचाच आहे, मग मर्जी नाही तर काय?

आधी प्रमाण पाहू. बीड जिल्ह्यातल्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे धरलं, तरी तफावत पाचपट आहे. एका जिल्ह्यातल्या, एकाच धंद्यातल्या बायकांची ‘मर्जी’ देशापेक्षा पाचपट वेगळी कशी काय निघते?

आता ती मर्जी कशी बनते ते पाहा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात. तो तोडतो, ती ऊस सोलते, गोळा करते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. वाहन रात्री आलं तर रात्री भरते. त्याआधी आणि त्यानंतर कोपीवरचा (तात्पुरत्या झोपडीतला) स्वयंपाक, पाणी, पोरं. फडात शौचालय नाही, पाण्याचा भरवसा नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर धरते. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा. मजुरी टनावर मिळते, म्हणजे न गेलेल्या दिवसाचे पैसे तसेही बुडालेलेच असतात. खाडा हा त्याच्यावरचा दंड, दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत. मग हंगाम संपल्यावर गावाकडच्या दवाखान्यात कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दोन-तीन मुलं झालेली असतात. घरातल्यांनाही वाटतं, कटकट गेली. ऑपरेशनला पुन्हा कर्ज, आणि ते फेडायला पुढच्या वर्षी जास्त उचल.

तिशीतल्या बाईची अंडाशयंही सोबत काढली गेली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. तीच बाई पुढची पंधरा वर्षं मोळ्या उचलणार असते. बीडमध्ये पुढं खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते बरंच झालं. पण त्यानं डॉक्टरवर अंकुश आला. फडातलं पाणी, शौचालय आणि खाडा जिथल्या तिथं राहिले, कारण ते आरोग्य खात्याच्या हातातलं कामच नाही.

‘परदेशी थेरं’

यात एक कण खरा आहे, तो आधी मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २०१० मध्ये उद्योगांसाठी महिला सक्षमीकरणाची सात तत्त्वं आली, २०१५ मध्ये शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं आली. तेव्हापासून सह्या करणं, दीपप्रज्वलन करणं आणि फोटो काढणं हा एक वेगळाच उद्योग झाला आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या ऊसफडांवर मोठा शोधवृत्तांत छापला. कोकाकोला आणि पेप्सीसारख्या कंपन्यांना जाणाऱ्या साखरेमागे कर्जाची वेठ, बालविवाह आणि गर्भपिशव्यांची ऑपरेशनं आहेत, असं त्यात होतं. शाश्वत उसाचं प्रमाणपत्र मिळालेला कारखानाही त्यातून सुटला नव्हता. प्रमाणपत्र भिंतीवर आणि कोपी प्लॅस्टिकखाली, याचा राग येणं रास्त आहे.

पण प्रमाणपत्र खोटं निघालं म्हणून प्रश्न परका ठरत नाही. देशातलं पहिलं राज्य महिला धोरण महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणलं. सहकारी साखर कारखान्याची कल्पना १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी उभी राहिली, ती मुळात एकट्यानं न जमणारं काम मिळून करण्यासाठीच. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांना दोन जागा कायद्यानं राखीव आहेत. त्या जागांवर बहुतेक वेळा कुणाच्या तरी सूनबाई किंवा वहिनी असतात, आणि ऊसतोड बाईचा विषय सभेच्या पत्रिकेवर येत नाही, हे आपलं घरचं अपयश आहे. त्याचं खापर न्यूयॉर्कवर कशाला?

शिवाय ‘शाश्वत ऊसशेती’ म्हणून जे काही सांगितलं जातं, ते शेवटी कुणाच्या कमरेवर उभं आहे? पाचट (उसाची वाळकी पानं) जाळू नका, रानात कुजवा, जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. बरोबर आहे. पण पेटवलेला ऊस तोडायला सोपा असतो. हिरवा ऊस पाचटासकट तोडायचा, सोलायचा तर श्रम जास्त, आणि पाती अंगाला कापतात. ऊस जमिनीलगत तोडा, बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि खोडवाही, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, चांगला फुटतो. हेही बरोबर. पण त्यासाठी प्रत्येक उसाला पूर्ण वाकावं लागतं. जमीन, साखरेचा उतारा आणि हवा यांची काळजी घेणारे हे सारे सल्ले त्या जोडीच्या अंगमेहनतीतून अमलात येतात, आणि दराच्या हिशेबात त्यांची वेगळी नोंद सहसा होत नाही. म्हणून पर्यावरणाचा आणि बाईचा प्रश्न एकाच फडात भेटतात. ते कुणी परदेशातून आणून एकत्र बांधलेले नाहीत.

‘खर्च केला तर कारखाने बुडतील’

कारखान्यांची ओढाताण खोटी नाही. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान ऊसदर, २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये क्विंटलला ३१०० रुपयांवर गेला आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच अडकला. हे सांगून झालं की आता हिशेब करू.

एक टन उसातून ढोबळमानानं शंभर किलो साखर निघते. म्हणजे टनामागे दहा रुपये बाजूला काढले तर साखरेच्या किलोमागे दहा पैसे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलेलंच आहे. बऱ्या हंगामात राज्याचं गाळप दहा कोटी टनांच्या आसपास जातं, म्हणजे एका बाजूचे शंभर कोटी. टनाला पन्नास रुपये धरले तरी किलोमागे पन्नास पैसे होतात. बिस्किटाच्या पुड्यात किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते पन्नास पैसे शोधायला भिंग लागेल. मळी, वीज आणि इथेनॉलचं उत्पन्न मी धरलेलंच नाही.

अडचण आहे ती एकट्यानं करण्याची. एका कारखान्यानं कोप्यांच्या जागी पत्र्याच्या खोल्या बांधल्या, फिरती शौचालयं नेली, बाळंतिणीला रजा दिली, तर त्याचा खर्च वाढतो आणि शेजारचा कारखाना त्याच दरानं साखर विकत राहतो. त्यातून एकेकटा चांगला कारखानदारही हात आखडता घेतो. यावर उपाय एकच: सगळ्यांना एकच अट. आणि एकत्र यायला साखर कारखानदारांना शिकवावं लागतं असं कुणी म्हणू नये. किमान विक्री दर, इथेनॉलचा भाव यांपैकी कशासाठीही दिल्लीला जायचं म्हटलं की सहकारी आणि खासगी, सत्ताधारी आणि विरोधक एका गाडीत बसतात.

घेणाऱ्या कंपन्यांनाही ओढता येतं, याचा दाखला फ्लोरिडातला टोमॅटो आहे. इमोकली गावातल्या तोडणी मजुरांनी खटपट केली आणि बड्या खरेदीदारांनी टोमॅटोच्या पौंडामागे एक सेंट जादा द्यायचं मान्य केलं. २००५ मध्ये टॅको बेल, पुढं मॅकडोनाल्ड, २०१४ मध्ये वॉलमार्ट. तो पैसा मजुरीत जातो, आणि ज्या शेतावर लैंगिक छळ किंवा वेठ सापडते आणि मालक दुरुस्ती करत नाही, त्याचा माल हे खरेदीदार घेत नाहीत. आपल्याकडचा दाखला तमिळनाडूत दिंडिगुलला आहे. कपड्यांच्या कारखान्यातल्या एका तरुण कामगार मुलीच्या हत्येनंतर २०२२ मध्ये दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनेनं कारखान्याच्या मालक कंपनीशी आणि एचअँडएम, गॅपसारख्या खरेदीदारांशी लिंगाधारित छळ थांबवण्याचा बंधनकारक करार केला. देखरेख कामगार बायकांकडेच दिली गेली. सही करणारे जाहिरातीतल्यासारखे हसले की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. करार मोडला तर धंदा जाणार होता, म्हणून तो चालला.

कायद्यावर विसंबून राहू नका, हेही इथंच सांगतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा शाश्वतता अहवाल पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना लागू आहे. सहकारी कारखाने शेअर बाजारात नसतात, म्हणून ते त्यातून बाहेरच. बिस्किट-शीतपेयवाल्यांनी आपल्या पुरवठादारांकडची स्थिती विचारली तरच तो प्रश्न कारखान्यापर्यंत पोहोचतो.

कारखान्यांचा यात स्वार्थही आहे. दोन-दोन कारखान्यांची उचल घेऊन पसार होणाऱ्या मुकादमांनी कोट्यवधी रुपये बुडवल्याची तक्रार दरवर्षी कारखानेच करतात. सगळ्या कोयत्यांची नवरा-बायको दोघांच्या नावानं एक नोंद राज्यभर ठेवली आणि पैसा थेट खात्यात गेला, तर फसवणूक पकडता येईल आणि बाईच्या नावावर पहिल्यांदाच मजुरी जमा होईल.

‘हार्वेस्टर आला की प्रश्न मिटेल’

थोडक्यात सांगतो. केंद्राच्या योजनेतून महाराष्ट्रात नऊशे हार्वेस्टरना अनुदान मंजूर झालं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५ लाख. यंत्राला रुंद सरी लागते, मोठा सलग तुकडा लागतो, वाफसा लागतो. अर्ध्या एकराच्या तुकड्यांत आणि ओल्या रानात पुढची बरीच वर्षं कोयताच चालणार. आणि जिथं यंत्र येईल तिथं चालक पुरुष असेल, मदतनीस पुरुष असेल. बाईचा त्रास संपेल तो तिचं काम संपल्यामुळं, आणि बीड-पाटोद्याच्या कोरडवाहू रानात तिला दुसरं काम काय, हे त्या मजकुरात कुठं लिहिलेलं नाही.

जानेवारी २०२४ चा करार तीन हंगामांसाठी होता. नव्या करारात दराच्या आकड्याखाली आणखी चार ओळी याव्यात: खाडा बंद, नोंद आणि खातं दोघांच्या नावानं, फडापाशी पाणी आणि फिरतं शौचालय कारखान्याच्या खर्चानं, गरोदर आणि बाळंत बाईला मोळी उचलण्यातून सूट आणि त्या दिवसांची भरपाई महामंडळातून. यातल्या पहिल्या दोन ओळींना फारसा पैसा लागत नाही. उरलेल्या दोन वरच्या दहा-पन्नास पैशांच्या हिशेबात बसतात. आणि त्या बैठकीत मजुरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांत निदान निम्म्या बायका असाव्यात, कारण कोयत्याची अर्धी मजुरी त्यांची आहे.