‘जातं काय?’ असं विचारून पास्कल थांबला नव्हता

व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय: ‘थोर गणिती पास्कलने देव सिद्ध केला. देव मानून टाका; असला तर स्वर्ग, नसला तर जातं काय?’ आस्तिक तो कौतुकाने पुढे ढकलतात, नास्तिक ‘श्रद्धेचा धंदा’ म्हणून हसतात. हा युक्तिवाद ‘पास्कलची पैज’ म्हणून ओळखला जातो; त्याच्या टिपणांमधलं ते मूळ पान दोघांनीही उघडलेलं दिसत नाही.

‘सिद्ध केला’? छे. देव आहे की नाही हे बुद्धीला ठरवता येत नाही, इथूनच तर तो सुरुवात करतो.

‘जातं काय?’ अशा अर्थाचं वाक्य त्याने लिहिलंय, हे कबूल. पण लगेच त्याच्या कल्पनेतला गृहस्थ अडवतो: मी जरा जास्तच पणाला लावत नाही ना? मग पास्कल हिशेबाला बसतो. एक आयुष्य लावून दोन मिळाली तर, तीन मिळाली तर, अनंत मिळालं तर? काहीच पणाला नसतं, तर ही आकडेमोड कशाला? अर्धवट मोडलेल्या डावातली रक्कम कशी वाटायची, यावर १६५४ मध्ये गणिती फर्माशी पत्रव्यवहार करणारा माणूस हा. पैज लावणं म्हणजे काय, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

खरी गंमत ‘मानून टाका’मध्ये आहे. तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये बजावलं होतं की इच्छाशक्ती समजेच्या पुढे धावली की चूक होते. स्पष्ट दिसत नसेल तर होकार राखून ठेवा. पास्कल म्हणतो, इथे ती सोय नाही, तुम्ही आधीच जहाजात बसलाय, पैज टाळता येणार नाही. तरीही गृहस्थ हटत नाही: माझी घडणच अशी आहे की मला विश्वास ठेवता येत नाही. यावर ‘मग ठरवून टाक’ असं उत्तर येत नाही. पास्कल सांगतो: अडसर वासनांचा आहे, त्या कमी कर. श्रद्धावंतांसारखं वाग, पवित्र पाणी घे, मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणवून घे. त्याने तू जनावरासारखा होशील, असंही तो लिहून बसलाय! १६७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ही टिपणं छापणाऱ्यांनी तो शब्द गाळला. म्हणजे मानणं हे बटण नाही, सवयीने हळूहळू मुरणारी गोष्ट आहे. आणि खरी श्रद्धा तर त्याच्या मते देवाचीच देणगी.

टीका करायचीच तर फ्रेंच विचारवंत दिदरोसारखी करावी. तो म्हणाला, हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल. या आक्षेपाचं उत्तर मात्र पैजेच्या त्या पानावर सापडत नाही.